निर्गुणाचा कार्बोरेटर

सोपानरावांच्या गाडीला बसायला जागा नव्हती, इथून सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

अगदीच नव्हती असं नाही. टाकीमागं तळहाताएवढा रेक्झिनचा तुकडा होता, पण त्यावर बसायचं नसतं. ट्रायल्सची मोटारसायकल उभ्यानं चालवायची असते. खडक, ओढे, बांध, दगडगोटे यांवरून ती बैलगाडीच्या चालीनं न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढाच तो खेळ. पाय टेकला की एक गुण चढतो, पुन्हा टेकला की दुसरा, गाडी बंद पडली की एकदम पाच. शेवटी ज्याच्या नावावर सगळ्यांत कमी गुण, तो पहिला.

"म्हंजी शून्य मिळालं की नंबर?" सोपानरावांच्या पत्नी वच्छलाबाई यांनी विचारलं.

"शून्य म्हणजे निर्गुण," सोपानराव म्हणाले. "जो निर्गुण राहिला, तो जिंकला."

चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलेल्या माणसाला असा खेळ सापडावा ही देवाचीच योजना, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शिवाय गेली अकरा वर्षं सप्ताहात वीणेचा पहारा त्यांच्याकडं असे. सात दिवस वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. आपली या खेळाची अकरा वर्षांची तयारी झालेलीच आहे, फक्त ती गाडीवर करून बघायची बाकी आहे, असं ते मनापासून मानत.

ही गाडी त्यांच्याकडं कशी आली ते सांगत बसलो तर आख्यान बाजूला राहील आणि पाल्हाळच वाढेल. दोन हजार सालच्या मार्गशीर्षात ती शिरूरच्या त्यांच्या कॉलनीत आली, एवढं पुरे. कॉलनीला 'ट्रायल' हा शब्द तसा नवा नव्हता. शिंप्याकडं शर्टाची ट्रायल असते, लायसन काढताना ट्रायल असते, कंपनीत मशीन आलं की त्याची ट्रायल असते. त्यामुळं शेजारच्या पोपटरावांनी पहिल्या दिवशीच शिक्कामोर्तब केलं.

"ट्रायलवर आणलीय म्हणं. चांगलं केलंत. पसंत न्हाई पडली तर देऊन टाका माघारी."

"ट्रायलवर नाही आणली हो. ट्रायल्सची आहे."

"त्येच म्हणतोय की मी."

दोन महिन्यांनी सुद्धा दूध घालायला येणारा माणूस गाडीकडं बघून मोठ्या काळजीनं विचारायचा, "मुदत किती दिवसांची दिलीय त्येंनी?" सोपानरावांनी समजावून सांगणं सोडून दिलं. तालुक्याच्या एका कचेरीत ते बारनिशीला होते. आलेला कागद वहीत चढवायचा, नंबर टाकायचा आणि योग्य त्या टेबलाकडं सरकवायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद परत येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पण गाडीमागचं खरं कारण दौंडला होतं. त्याचं नाव जयसिंगराव.

जयसिंगराव म्हणजे वच्छलाबाईंचे धाकटे भाऊ. नदीकाठची बागाईत, सोसायटीचं चेअरमनपद, आणि बोलायला लागले की समोरच्याला हसण्यावाचून गत्यंतर नाही अशी वाणी. भाऊबीजेच्या पंगतीत, पंचवीस-तीस सोयऱ्यांच्या देखत ते म्हणाले होते, "आमचे दाजी म्हंजी लाख माणूस. फक्त पहिल्याच धक्क्याला पाय टेकत्यात." मग त्यांनी दाखले दिले. बढतीवर इंदापूरला जायचं होतं, दाजींनी लिहून दिलं की प्रकृती मानवत नाही. कॉलनीच्या निवडणुकीला अर्ज भरला, दुपारी काढून घेतला. पंगत हसली. सोपानराव स्वतःही हसले, कारण दाखले खरे होते. वच्छलाबाई तेवढ्या वाढता वाढता थांबल्या. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं, आणि त्या दिवसापासून त्या माहेरी गेल्या नाहीत. संक्रांतीला भावाचा निरोप आला, तरी नाही.

नवऱ्याच्या पायापायी बायकोचं माहेर तुटावं, हे सोपानरावांना फार लागलं होतं.

म्हणून माघातल्या शेवटच्या रविवारी दौंडला नदीच्या खडकात पुण्याच्या एका क्लबच्या ट्रायल्स आहेत, आणि स्वागताध्यक्ष जयसिंगराव आहेत, हे कळलं तसं त्यांनी नाव नोंदवून टाकलं. नंबराची हाव त्यांना नव्हती. एकूण दहा टप्पे होते. त्यांतला पहिला, फक्त पहिला टप्पा, जयसिंगरावांच्या आणि सगळ्या सोयऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाय न टेकता पार करायचा. पुढं पाण्यात पडलो तरी चालेल.

वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी त्यांनी बेसन भाजायला घेतलं. माहेरी लाडू न्यायचे तर आठ दिवस आधी कोणी बेसन भाजत नाही. पण भाजलं.

आणि दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर गेला.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचा आचारी. हवा किती, पेट्रोल किती, हे तो बघतो. आचाऱ्याचा हात बिघडला की पंगत उठते, तसं याचं आहे. गाडी जोरात पळवायची असेल तर थोडं कमीजास्त खपून जातं. पण खडकावर मुंगीच्या पावलानं न्यायची तर इंजिन अगदी मंद आणि एका लयीत राहावं लागतं. सोपानरावांचा जुना कार्बोरेटर मात्र पेट्रोल गाळायला लागला होता. गावातल्या मेकॅनिकनं तो हातात घेऊन हलवला, कानाशी नेला आणि बाजूला ठेवून दिला. "याच्यात काय राह्यलं न्हाई. दुसरा बघा."

दुसरा पुण्यातून जुन्या बाजारातून आला. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सेम टू सेम आहे साहेब. फक्त दुसऱ्या गाडीचा आहे."

घरी येऊन पाहतात तर त्याचं तोंड इंजिनाच्या रबरी नळीपेक्षा दोन सुतांनी बारीक. नळीत तो घातला की पायजम्याची नाडी निसटावी तसा सुळकन बाहेर यायचा. सोपानराव अंगणात बसून हा खेळ करत असताना कुंपणावरून पोपटराव उतरले. पोपटराव एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. तीस वर्षं गाड्यांखाली गेलेली, त्यामुळं वरून काय दिसतं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

"सायकलची ट्यूब आणा जुनी," ते म्हणाले. "आन् ब्लेड."

ट्यूब आणली. ती गुंडाळली. मग "साबण आणा," मग "हा न्हाई, कपड्याचा आणा," मग "तार हाय का बारीक?" असं करत करत चार तास गेले. दोनदा चहा झाला. शेवटी कार्बोरेटर नळीत घट्ट बसला आणि सोपानरावांनी किक मारली.

इंजिन चालू झालं आणि आपोआप चढत गेलं. मूठ पिळलेली नाही, हात लावलेला नाही, तरी चढतंय. समोरच्या सोजरबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पांढरा धूर पसरला. सोजरबाई बाहेर आल्या, कुरडयांकडं पाहिलं, सोपानरावांकडं पाहिलं आणि खाट ओढत आत घेऊन गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी पोपटरावांनी प्लगची टोपी ओढली, झटका खाल्ला आणि इंजिन थांबलं.

"हवा खातंय," हात झटकत पोपटराव म्हणाले. "ट्यूबच्या फटीतनं."

"मग आता?"

"त्ये काय मला सांगता यायचं न्हाई. आमच्या एसटीला कारबुलेटर नसतोय. डिझेल हाय ती."

सोपानरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग चार तास आपण काय केलं?"

"तुम्ही इचारलं, मी सांगितलं," पोपटराव म्हणाले. "शेजारी म्हणून एवढं बी करायचं न्हाई व्हय?"

खरं तर विचारलं नव्हतं. पण हे म्हणायचं म्हणजे भांडण, आणि सोपानरावांचा पिंड भांडणाचा नव्हता. कार्बोरेटर आणि नळी पिशवीत घालून ते कारेगावला गेले.

कारेगावात एका कंपनीच्या छोट्या वर्कशॉपात सम्राट नावाचा टर्नर होता. लेथच्या वर बाबासाहेबांचा फोटो, त्याला रोज ताजं फूल, आणि खाली मिलीमीटरच्या शंभराव्या भागाला जपणारा माणूस. त्यानं कार्बोरेटर हातात घेतला, व्हर्निअर लावलं, नळीला लावलं आणि पहिल्यांदाच या प्रकरणात कोणीतरी शहाण्यासारखं बोललं.

"काका, रिंग पाहिजे मधी. अॅल्युमिनियमची. बसा वीस मिनिटं."

वीस मिनिटांत चंद्रासारखी रिंग तयार झाली. सम्राटनं कागदावर लिहूनही दिलं. "हवेचा स्क्रू पूर्ण आत घ्यायचा, मग दीड आटा बाहेर. ही झाली सुरुवात. तिथनं पुढं मीटर न्हाई, माप न्हाई. कान. इंजिन बोलत असतंय काका. सूर लागला की हात काढून घ्यायचा, उगं छेडत बसायचं न्हाई."

हे वाक्य सोपानरावांनी गुरुमंत्रासारखं मनात ठेवलं. ते निघाले, तर फाटकावर अडवलं. वर्कशॉपातून सुईसुद्धा बाहेर जायची तर चलन लागायचं. चलनावर कामाचं नाव टाकायला रकाना बोटभर. सम्राटनं तोंडी सांगितलं, "ट्रायल्सच्या गाडीची रिंग." फाटकावरच्या कारकुनानं रकान्यात मावेल तेवढं लिहिलं: 'ट्रायल पीस'.

बुधवारी रिंग बसली. इंजिन चढायचं थांबलं. दीड आट्यावरून सुरुवात करून सोपानरावांनी स्क्रू इकडं पाव, तिकडं पाव फिरवत संध्याकाळपर्यंत गाडी बऱ्यापैकी आणली. अजून मधूनच उचकी लागल्यासारखं करत होती, पण आशा दिसत होती. गुरुवारी सकाळी दारात एक माणूस उभा. कारेगावहून आलेला, हातात फाइल.

"ट्रायल पीस आपल्याकडंच आलाय ना? रिपोर्ट न्यायला आलोय."

सोपानरावांनी समजावून सांगितलं. माणूस शांतपणे ऐकून घेत होता, कारण त्याला रिकाम्या हातानं परत जायचंच नव्हतं. "बरोबर आहे साहेब तुमचं. पण चलनावर ट्रायल पीस लिहिलंय. ट्रायल झाल्याशिवाय नग बंद होत नाही. नग बंद झाल्याशिवाय सम्राटच्या नावावर तो उघडा दिसतो."

सम्राटच्या नावावर, म्हटल्यावर सोपानरावांचा नाइलाज झाला. शिवाय कागद चालत दारी आला होता आणि आलेला कागद तसाच परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तीन प्रतींत रिपोर्ट भरायला घेतला. तपासलेले नग: एक. उत्तीर्ण: एक. अनुत्तीर्ण: निरंक. शेवटच्या ओळीला अडलं. 'वापरानंतरची मापे.'

"रिंग काढावी लागंल," माणूस म्हणाला.

रिंग काढायची म्हणजे कार्बोरेटर काढायचा. काढला. मापं घेतली. जशी होती तशीच निघाली. माणूस नमस्कार करून गेला. सोपानरावांनी सगळं पुन्हा बसवलं, किक मारली, आणि बुधवारी लावलेलं सगळं पुसलं गेलं होतं. गाडी एकतर किंचाळायची, नाहीतर मरायची. मधली अवस्था तिला ठाऊकच नाही.

शुक्रवार उजाडला. रविवारी दौंड. वच्छलाबाई लाडू वळत होत्या आणि बाहेरच्या आवाजाकडं लक्ष नसल्यासारखं दाखवत होत्या.

कॉलनीच्या मारुतीपुढं सप्ताह चालू होता, त्यासाठी सोपानरावांनी नेहमीसारखी आठवडाभराची रजा घेतलेली. कर्णा पहाटेपासून बोलत असे, त्यात इंजिनाचा सूर ऐकायचा कसा? दुपारी एक ते तीन मात्र कर्णा बंद. तेव्हा मंडपात फक्त वीणा चालू, आणि हा पहारा नेमका सोपानरावांचा. वीणा गळ्यात घेऊन ते उभे राहिले. डोळे मिटले. बोट तारेवरून फिरत होतं, तोंडी नाम होतं, खर्जाची तार छातीला लागून गुणगुणत होती. आणि त्या गुणगुणण्यात त्यांना आपल्या गाडीचं इंजिन ऐकू आलं. आत्ता बाहेर आहे तसं नव्हे, ते कसं असायला हवं तसं.

आता ही गोष्ट फार थोड्यांना कळेल. मेकॅनिकला वीणा माहीत नाही आणि विणेकऱ्याला कार्बोरेटर. दोन्ही एकाच छातीला लागलेली माणसं विरळा.

तीन वाजता पुढच्या पहारेकऱ्याच्या गळ्यात वीणा घालून, त्याच्या पाया पडून सोपानराव अक्षरशः धावत घरी गेले, गाडी ढकलत मंडपाच्या पाठीमागं आणली आणि चालू केली. कनातीपलीकडं वीणा. अलीकडं इंजिन. त्यांनी स्क्रूड्रायव्हर धरला, डोळे मिटले. पाव आटा. थोडं आत. केसभर बाहेर. आणि अचानक दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. वीणा कुठली आणि गाडी कुठली ते सांगता येईना. सोपानरावांनी हात काढून घेतला. दहा मिनिटं इंजिन एका सुरात घुमत राहिलं, उचकी नाही, धाप नाही. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मंडपालगतच्या खोलीची अर्धवट लोटलेली खिडकी पूर्ण उघडली. खोलीत त्या दिवशीच्या कीर्तनाचे महाराज विश्रांतीला थांबले होते. महाराजांनी बाहेर पाहिलं, गाडीकडं पाहिलं, किंचित हसले. सोपानरावांनी तिथूनच हात जोडले. प्रसाद मिळाला म्हणतात तो हाच, असं त्यांना वाटलं.

सातच्या कीर्तनाला ते टाळकऱ्यांच्या रांगेत उभे होते. महाराजांची वाणी म्हणजे काय सांगावं. ऐकणाऱ्याची मांडी दुखत नाही, एवढंच म्हणतो. मनाच्या स्थैर्याचं निरूपण चाललं होतं. अर्ध्या तासानं महाराज थांबले, उपरणं सावरलं.

"आज दुपारी जरा पडलो होतो," ते म्हणाले. "खिडकीतून एक सद्गृहस्थ दिसले."

सोपानरावांनी टोपी नीट केली. चाळीस वर्षं ते दृष्टांत ऐकत आले होते. राजे, व्यापारी, कोळी, गवळणी येऊन गेले. आज पहिल्यांदा एक बारनिशीचा कारकून येणार होता.

"दोन तास वीणा गळ्यात घेऊन डोळे मिटून उभे. मी म्हटलं, काय हा भाव. वीणा उतरवली आणि गृहस्थ धावत सुटले. मी म्हटलं, आता हे देवाकडं चालले. गेले ते मोटारसायकल घेऊन आले." मंडपात खसखस पिकली. "आणि वीणेच्या सुराला मोटारसायकल लावत बसले. लागलीसुद्धा, माउली. गाडी सुरात लागली. मी त्यांना विचारतो, महाराज, जन्मभर वीणा गळ्यात घेतलीत, गाडी सुरात लागली, आता जीव कधी लावणार?"

मंडप कोसळला. बायकांच्या बाजूनं सोजरबाईंचं हसणं वेगळं ऐकू आलं. वच्छलाबाईंनी पदर पुढं ओढला.

सोपानरावांना सगळ्यांत वाईट याचं वाटलं की दृष्टांत चपखल होता. दुसऱ्या कोणावर असता तर त्यांनीच पहिली मान डोलावली असती. आणि दृष्टांत संपला की टाळकऱ्यांनी भजन उचलायचं असतं, त्यामुळं स्वतःच्या फजितीवर त्यांनी स्वतःच टाळ धरला, तोही लयीत. महाराज खोटं बोलले असते तर त्या रात्री झोप तरी लागली असती. आपल्यात बोलायचं तर, मंडपात बसलेल्या तीनशे जणांचं काय काय सुरात लागलं होतं हे देव जाणे. सोपानरावांची निदान गाडी तरी लागली होती. पण हे कोणी म्हणालं नाही. शनिवारभर कॉलनी विचारत होती, "लागला का सूर, सोपानराव?"

रविवारी सकाळी भाड्यानं सांगितलेल्या खंडूच्या टेम्पोत गाडी चढवली. न्हावऱ्यावरून दौंड. वच्छलाबाई केबिनमध्ये, मांडीवर लाडवांचा डबा. पूर्ण रस्ताभर त्या एकच वाक्य बोलल्या. "आज काय व्हायचं ते व्हऊ दे, पण तुम्ही पाय टेकू नका."

नदीकाठी खडकांतून रंगीत फिती बांधून टप्पे आखले होते. पहिल्या टप्प्यापाशी मंडप, खुर्च्या, बँड, माइक. टप्प्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर निरीक्षक म्हणून जवळच्या शाळेतले चित्रकलेचे सर बसले होते. हातात तक्ता आणि पेन. पांढऱ्या कपड्यांत, छातीवर पत्रावळीएवढा बिल्ला लावून जयसिंगराव हिंडत होते.

"या दाजी. आक्का, तू सावलीला बस," असं म्हणून त्यांनी बहिणीच्या हातातला डबा घेतला, आणि लगेच माइक. "आमचे दाजीपण उतरल्यात बरं का मैदानात. दाजी, पायाला जपा."

सोयरे हसले. तेच पंचवीस-तीस जण.

सोपानरावांचा नंबर चौदावा. शिट्टी झाली. ते फितीच्या आत शिरले.

पहिला दगड गुडघाभर. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं. इंजिन परवाच्यासारखंच घुमत होतं, म्हणाल तेवढंच, म्हणाल तेव्हा. मग चिखलाची चर, तिथं आधीच्या तिघांनी पाय सोडले होते. सोपानरावांनी मूठ जेमतेम हलवली आणि गाडी चरीतून अशी निघाली की चिखलालासुद्धा कळलं नाही. शेवटी तिरका कातळ. मध्यावर चाक क्षणभर जागीच थांबलं. गाडी उभी, माणूस उभा, दोन्ही पाय पायट्यावर. गेल्या बावीस वर्षांत ज्या ज्या ठिकाणी पाय टेकला होता, ती सगळी ठिकाणं त्या क्षणी खाली दिसली. उजवा पाय नुसता सैल सोडला असता तरी पुरलं असतं. त्यांनी तो सोडला नाही. इंजिनानं एक दम घेतला आणि गाडी वर गेली.

पाठीमागं बँड वाजायला लागला. टाळ्या पडल्या. सोपानराव फितीबाहेर पडले, गाडी थांबवली आणि हसऱ्या तोंडानं मागं वळले.

त्यांना फक्त पाठी दिसल्या. समोरच्या रस्त्यावर पांढरी गाडी आली होती, तीतून प्रमुख पाहुणे उतरत होते. मंडप उठून उभा होता. चित्रकलेचे सरसुद्धा तक्ता काखेत मारून उभे होते, कारण जयसिंगरावांनीच त्यांना खुणेनं उठवलं होतं.

"सर, चौदा नंबर," सोपानराव धावत येऊन म्हणाले. "शून्य लिहा."

सरांनी तक्ता पाहिला. "तुम्ही कधी गेलात?"

"आत्ताच. या इथून."

"मी वळून बघितलं तेव्हा तुम्ही पलीकडं होता. मधून गेला का बाजूनं, मला काय माहीत? न बघता शून्य कसं देऊ? शून्य म्हणजे तर सगळ्यांत मोठं."

"मग काय लिहिणार?"

सरांनी थोडा विचार केला. माणूस प्रामाणिक होता. त्यांनी चौदासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: गैरहजर.

बावीस वर्षांत कचेरीत सोपानरावांची एक दिवसाचीही विनापरवाना रजा नव्हती.

तोवर पाहुण्यांना खुर्चीवर बसवून जयसिंगराव आले. प्रकार ऐकला. "कुणीच बघितलं न्हाई म्हंता? असं कसं हुईल?" मग ते सावलीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आक्के, तू तर समोरच होतीस. दाजींनी पाय टेकला का न्हाई?"

सगळे वच्छलाबाईंकडं पाहू लागले. एक शब्द पुरला असता. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला. सोपानरावांकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं.

"मी डोळे मिटले होते," त्या म्हणाल्या. "नाव घेत होते."

यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सोपानरावांना रागही करता येईना. ज्या देवाचं नाव त्यांच्यासाठी घेतलं जात होतं, त्याच देवापुढं ती बाई खोटं कशी बोलणार? आणि ती खोटं बोलली असती, तर ती वच्छलाबाई नव्हती.

"असू द्या दाजी," जयसिंगराव खांद्यावर हात ठेवून म्हणाले. आवाजात खरंच माया होती, हे विशेष. "पुन्हा एकदा काढा की. आता सगळे बसलेत. मी सांगतो सरांना, आपल्या घरचं काम हाय."

"एकदा गेलो," सोपानराव म्हणाले.

"त्ये खरं हो. पण कुणाला दिसलं?"

"नियमात एकदाच आहे."

जयसिंगरावांनी सोयऱ्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. बोलले काहीच नाहीत. भाऊबीजेला निदान बोलले होते.

तेवढ्यात पाहुण्यांना गाडी फार आवडली. "हिला सीट कसं न्हाई?" असं विचारत ते जवळ आले, कोणीतरी फोटोचं काढलं, आणि जयसिंगरावांनी त्यांना सोपानरावांच्या गाडीवर चढवलं. इंजिन चालू ठेवा म्हणाले, फोटोत जिवंतपणा येतो. ते चालूच होतं, खर्जात, एका सुरात. पाहुण्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, हँडल धरलं आणि हसले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'थरारक कसरती'.

उरलेल्या नऊ टप्प्यांना सोपानराव उतरले नाहीत. गैरहजर माणूस दुसऱ्या टप्प्यावर हजर कसा होणार, असं त्यांनी खंडूला सांगितलं. खंडू टेम्पो लावून चहाला गेला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं गाडी चढवायला हात दिला.

परतीला ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंना उसाचे ट्रॅक्टर. डबा रिकामा, वच्छलाबाईंच्या पायाशी. भावाच्या घरी जाऊन आल्या होत्या, वहिनीशी बोलून आल्या होत्या, ओटी भरून घेतली होती. म्हणजे तुटलेलं जुळलं होतं, आणि ते सोपानरावांमुळं नव्हे. न्हावरा मागं पडल्यावर त्यांनी समोर रस्त्याकडं बघतच विचारलं,

"खरंच न्हाई टेकला?"

"नाही."

"बरं."

सोपानराव त्या 'बरं'कडं वळून पाहत राहिले. शब्द ओळखीचा होता. बावीस वर्षं टेबलासमोर माणसं येऊन सांगत, साहेब, अर्ज दिला होता, याच खिडकीत दिला होता, आईची शपथ. सोपानराव वही पाहत. वहीत नसे. मग ते मान वर न करता म्हणत, बरं. त्यात खोटं पाडणं नसे, खरं मानणंही नसे. एवढंच असे की कागद नाही आणि तुमच्याशी माझं वैर नाही. माणसं तरी काही वेळ उभीच राहत. का उभी राहतात, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"एकदाही नाही टेकला," ते म्हणाले. "कातळावर थांबलो होतो, तेव्हासुद्धा नाही."

"बरं म्हणलं की मी," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि वाऱ्यानं उडणारा पदर त्यांनी कानामागं खोचला.